चोरून विणलेलं कापड

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या गडाचे दगडसुद्धा लोकांनी कधीच उचलून शेताच्या बांधाला लावले. पण त्या राज्यातल्या दोन बायकांची हकीगत मात्र मागे राहिली. ती लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

नदीकाठी एक गाव होतं. काळ्या जमिनीचं. दिवाळीनंतर तिथली शेतं पांढरी व्हायची, इतका कापूस फुटायचा. घरोघरी बायका सूत कातायच्या. गावात कोष्ट्यांचे माग होते. लेकरू जन्मलं की त्याच्यासाठी घरच्याच कापसाचं मऊ दुपटं तयार असायचं. हे असं किती पिढ्या चाललं होतं, ते कुणी मोजलं नव्हतं.

मग राजानं शेजारच्या राज्याशी लढाई काढली. फौजेला तंबू हवेत, घोड्यांना झुली हव्यात. गावात दवंडी फिरली :

"सगळा कापूस राजाचा! तो सरकारी कोठीत आणून घालावा. कुणी घरात कापूस ठेवू नये, सूत कातू नये, कापड विणू नये. जो विणताना सापडेल, तो दगडाच्या खाणीत जाईल!"

चरखे चावडीपुढे आणून जाळले. माग मोडले. येसू कोष्ट्याच्या तरुण मुलानं आपला माग कडब्याखाली लपवला होता. तो सापडला. त्याच दिवशी मुलाला दोरीनं बांधून खाणीकडे नेलं. खाणीतून परत आलेला माणूस गावात कुणी पाहिलेला नव्हता.

गावावर पहाऱ्याला एक हवालदार नेमला आणि त्याच्या हाताखाली शिपाई. हे शिपाई पायात जोडे घालत नसत. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. ते गल्लीतून मुकाट्यानं फिरत आणि कुठेही थांबून भिंतीला कान लावत. आपण चूल फुंकत असलो, लेकराला जोजवत असलो, तरी भिंतीच्या पलीकडे एक कान चिकटलेला असेल, असं लोकांना सारखं वाटू लागलं. हळूहळू गावात मोठ्यानं बोलणं बंद झालं. मग हसणं बंद झालं. शेवटी शेजारी शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागला, कारण कागाळी करणाऱ्याला कोठीतून धान्य मिळतं अशी कुजबुज होती.

त्या गावात भिवरा नावाची एक बाई राहत होती. वयानं तरुण. मागच्या हिवाळ्यात तिला पहिलं मूल झालं होतं. कोठीत धान्य दिलं की कापड मिळे, पण घरात धान्यच नव्हतं. तिनं बाळाला गोणपाटात गुंडाळलं. गोणपाट खरबरीत, दवानं ओलं झालेलं. बाळ आधी रडलं, मग कुडकुडलं, आणि एका पहाटे कुडकुडायचंही थांबलं.

शेजारी ठमाबाई राहायची. दोघींच्या घरात एकच भिंत. ठमाबाई एकटी, पिकल्या केसांची, जिभेनं फार तिखट. त्या सकाळी ती धावत आली आणि थंड पडलेलं बाळ बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पोटाशी धरायचं होतंस त्याला! गोणपाटात काय ठेवलंस?"

त्या दिवसापासून भिवरानं ठमाबाईशी बोलणं टाकलं. वाटेत समोर आली तर ती मान फिरवी.

पुढे पेरणीच्या सुमाराला भिवराच्या नवऱ्याला फौजेची ओझी वाहायला धरून नेलं. तेव्हा भिवराला पुन्हा दिवस गेले होते. मूल ऐन थंडीत होणार होतं.

तिच्या मनात दोन भीती होत्या. एक शिपायांची, एक थंडीची. ती रोज दोन्ही तोलून बघायची. आणि रोज थंडीची भीती जड भरायची.

तिनं गाईसाठी ठेवलेल्या सरकीतली मूठभर सरकी घेतली आणि तुरीच्या दाट ओळींमध्ये लपवून पेरली. तुरी उंच वाढल्या, त्यांच्या आडोशाला कपाशी वाढली. बोंडं फुटली तसा ती शेण गोळा करायच्या टोपलीतून, शेणाखाली लपवून, थोडा थोडा कापूस घरी आणू लागली. कणगीच्या तळाशी, भुशाखाली तो ठेवू लागली. वाटेत कुणी हाक मारली तरी ती मागे न बघता चालत राही.

कापूस झाला. पण तो हातात धरून ती बसून राहिली. तिच्या आईला कातता यायचं, आजीला विणता यायचं. भिवरा मात्र वयात आली तेव्हा चरखे जळून गेले होते. तिला यातलं काहीच येत नव्हतं.

ती येसू कोष्ट्याकडे गेली. मुलगा नेल्यापासून म्हातारा घराबाहेर फारसा पडत नसे.

"बाबा, मला सूत कातायला शिकवाल?"

म्हाताऱ्यानं तिला पुढचं बोलू दिलं नाही. उठून दार लावलं, फटीतून बाहेर पाहिलं.

"माझ्या घरात हे नाव काढू नकोस, पोरी. जा तू."

"माझं बाळ गेलं थंडीनं."

"माझं खाणीत गेलं. जा."

भिवरा उठली. दाराशी जाऊन पुन्हा वळली. "बाबा, दुसरंही जाईल," ती म्हणाली. एवढंच.

म्हाताऱ्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "उद्या गाय घेऊन नदीच्या घळीत ये. उन्हं चढल्यावर. माझ्याशी बोलायचं नाही. मी बोलेन, तू ऐकायचं."

घळीत बाभळी दाट होत्या आणि वर पाण्याचा खळखळाट. येसूबाबा काठी टेकत येई, उकिडवा बसे, आणि नजर वर घळीच्या काठावर ठेवून शिकवी. सपाट दगडावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटायची, म्हणजे सरकी मागच्या मागे निघून पडते. कापूस पिंजायला धनुकली, म्हणजे तार लावलेलं छोटं धनुष्य, चांगली, पण धनुकलीचा टणत्कार लांब जातो. म्हणून बोटांनीच मोकळा करायचा, धुरासारखा हलका होईपर्यंत. मग त्याचे पेळू, म्हणजे बोटभर लांबीच्या सैल वाती, वळायचे. मग करवंटीत टकळीचं टोक टेकवून ती फिरवायची, आणि पेळूतून सूत ओढत न्यायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण भिवराचं सूत हातभर निघालं की तुटायचं. पान वाजलं की तुटायचं. गाय फुरफुरली की तुटायचं.

"घट्ट धरतेस," येसूबाबा म्हणे. "बोटं जरा सैल सोड. पीळ पुढे जाऊ दे. तू त्याला वाटेतच आवळून टाकतेस."

"भीती वाटते, बाबा."

"मलाही वाटते. पण माझ्या बोटांना ते मी सांगत नाही."

हळूहळू सूत लांबू लागलं. कुठे जाड, कुठे बारीक, पण अखंड. एके दिवशी म्हाताऱ्यानं ते उन्हात धरलं, अंगठ्याखालून सरकवत नेलं, आणि एका जागी थांबला. "या दिवशी तुझ्या दारावरून शिपाई गेले होते."

भिवरा चकित झाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"इथं बघ ना. सुताला कापरं भरलंय."

मग विणायचं शिक्षण सुरू झालं. मोठा माग उभा करणं शक्यच नव्हतं. येसूबाबानं तिला जमिनीवरचा माग सांगितला. मागच्या खोलीत चार खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोन दांडे अडकवायचे, आणि दांड्यांमध्ये उभं सूत ताणायचं. त्याला ताणा म्हणतात. आधी सुताला ज्वारीच्या पेजेची खळ लावायची, म्हणजे ते घासून तुटत नाही. मग एकाआड एक धागा काडीनं उचलायचा आणि मधून आडवं सूत, म्हणजे बाणा, सरकवायचा. आणि प्रत्येक धाग्यामागे लाकडी पट्टीनं ठोकायचं.

"ठोकलंच पाहिजे?" भिवरानं विचारलं.

म्हातारा म्हणाला, "नाही ठोकलं तर कापड विरळ होईल. त्यातून वारा जाईल. मग कशाला विणतेस?"

भिवरा दुपारी विणू लागली. दुपारी गल्लीत गाड्या जात, कुठे लाकडं फोडत, कुंभारवाड्यातून मडकी थोपटल्याचा आवाज येई. त्या गलबल्यात आपला आवाज मिसळून जाईल असं तिला वाटलं. तिनं पहिल्यांदा पट्टी ठोकली. धप्. ती थांबून ऐकत राहिली. काही झालं नाही. तिनं दुसऱ्यांदा ठोकली.

आणि भिंतीच्या पलीकडून उत्तर आल्यासारखा आवाज आला. धप्.

भिवराच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तिनं कान दिला. ठमाबाई उखळात मुसळानं काहीतरी कांडत होती. कांडत असेल बापडी, भिवरानं स्वतःला समजावलं आणि पुन्हा विणू लागली. मुसळ चालूच राहिलं. तिनं विणणं थांबवलं, तर थोड्या वेळानं मुसळही थांबलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ती विणायला बसली की पलीकडे मुसळ सुरू होई. ती उठली की मुसळ थांबे.

ठमाबाईला कळलंय! ती ऐकतेय. नुसती ऐकत नाही, मला कळवतेय की मी ऐकतेय. भिवराला त्या मुसळात हसणं ऐकू येऊ लागलं. तिनं विणणं सोडून दिलं असतं, पण पोटातलं बाळ दिवसेंदिवस खाली सरकत होतं आणि सकाळी नदीवर धुकं दाटू लागलं होतं. ती विणत राहिली. ओठ चावत, भिंतीकडे बघत. त्या दिवसांत विणलेला तुकडा तिच्या हाताला ताठ लागत होता.

एकदा विहिरीवर दोघी समोरासमोर आल्या. आजूबाजूला चार बायका होत्या. ठमाबाईनं घागर खाली ठेवली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

"दुपारची झोप लागत नाही वाटतं तुला?"

भिवरानं घागर अर्धीच भरून वर ओढली.

ठमाबाई आणखी जवळ आली, आवाज उतरवून म्हणाली, "भिंत फार पातळ आहे गं आपली. ध्यानात ठेव."

भिवरा अर्धी घागर घेऊन घरी पळत आली. दार लावून तिनं पाठ टेकली. आता सांगणार ही, तिला वाटलं. आज नाही तर उद्या सांगणार. कोठीतून धान्य घेणार.

आणि तिसऱ्या प्रहरी शिपाई आले.

अनवाणी आले, म्हणून कुणाला कळलं नाही. भिवरानं नुकतीच पट्टी खाली ठेवून मागावर गोधडी ओढली होती, एवढ्यात दाराची कडी वाजली. दारात हवालदार उभा होता. मागे शिपाई. गल्लीतली बाकीची दारं एकामागून एक लागत गेली, तो आवाज तिला ऐकू येत होता.

"या दोन घरांतून ठोकल्याचा आवाज येतो," हवालदार म्हणाला. "माग आहे. कुणाच्या घरात आहे?"

भिवराच्या मागे, एका खोलीच्या अंतरावर, गोधडीखाली ताणा पसरलेला होता. शिपायानं चार पावलं टाकली असती तर संपलं होतं. तिला खाण दिसली. खाणीत, दगडांवर, गोणपाटात गुंडाळलेलं बाळ दिसलं. आणि तिला विहिरीवरची ठमाबाई आठवली.

तिचा हात आपोआप वर झाला. बोट भिंतीकडे गेलं.

"तिकडून येतो, सरकार," ती म्हणाली. "रोज दुपारी. मी ऐकते ना."

हवालदारानं मान हलवली. शिपाई शेजारच्या दारात गेले. ठमाबाई बाहेर आली. हातात मुसळ होतं. तिला सगळं कळायला एक क्षण पुरला. तिनं हवालदाराकडे पाहिलं, मग भिवराकडे, मग भिवराच्या पोटाकडे.

"आवाज तुझ्या घरातला का गं म्हातारे?"

भिवरा डोळे मिटून उभी राहिली. आता ही माझं नाव घेणार.

"माझ्याच घरातला," ठमाबाई म्हणाली. "दुसरा कुणाचा असणार?"

"माग कुठं आहे?"

"शोधा की. घर केवढंसं आहे."

त्यांनी मडकी फोडली, चूल उकरली, आढ्यावरचं गवत ओढलं. माग सापडला नाही. सापडला नाही म्हणून ते अधिकच चिडले. "खाणीत गेल्यावर आठवेल तुला," हवालदार म्हणाला, आणि त्यांनी तिचे हात मागे बांधले. शिपायानं दोरी इतकी जोरात ओढली की तिच्या उजव्या हाताची हाडं वाजली. ठमाबाई किंचाळली. एकदाच. मग गल्ली पुन्हा चिडीचूप झाली.

भिवरा घरात आली आणि खाली बसली. आपण वाचलो, तिला वाटलं. बाळ वाचलं. तिनं गोधडी बाजूला केली. थोडंच विणायचं राहिलं होतं. तिनं धागा सरकवला आणि पट्टी ठोकली.

धप्!

तो आवाज घरभर घुमला. भिंतींना आपटला, छपराला लागला, दाराखालून गल्लीत गेला. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. पट्टीचा आवाज एवढा मोठा होता? रोज एवढाच होता? मग आजवर तो कुणाला कसा ऐकू आला नाही?

पलीकडे ठमाबाईची शेळी ओरडत होती. कुणी पाणी दाखवलं नव्हतं. भिवरा उठली. मागच्या परसातल्या कुडाच्या फटीतून वाकून ती ठमाबाईच्या घरात शिरली. त्या घरात तिनं वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. फुटक्या मडक्यांची खापरं जमिनीवर पडली होती. एकाही मडक्यात धान्य नव्हतं, सांडलेलंही नव्हतं. भिंतीला लागून उखळ होतं. अगदी भिंतीला लागून, तिच्या मागाच्या बरोबर पलीकडे.

भिवरानं उखळात हात घातला. ज्वारी नव्हती, बाजरी नव्हती. नुसता कोंडा होता. पुन्हा पुन्हा कांडून राखेसारखा बारीक झालेला.

कुठलीही बाई कोंडा कांडत नाही.

भिवरा तशीच उठून येसूबाबाकडे गेली. तिचा चेहरा बघून त्यानं काय झालं ते विचारलंच नाही. त्याला कळलं होतं.

"ती आली होती माझ्याकडे," म्हातारा म्हणाला. "मागेच. म्हणाली, पोरीला विणायला दुसरं कोण शिकवणार? तिला सांगा, मी मुसळ धरलं की मगच पट्टी ठोकत जा. दोन्ही आवाज एकच वाटतील. मी म्हटलं, तूच सांग की. तर म्हणाली, ती माझं तोंड बघत नाही."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत, बाबा?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "तेव्हा तू घळीत यायची थांबली होतीस. तुझ्या दारात मला कुणी पाहिलं असतं तर? म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो."

भिवरा घरी आली. तिनं विळा घेतला आणि मागावरचं अर्धवट कापड कापून काढलं. पदराखाली टकळी घेतली, उरलेला पेळू घेतला. वाटेत दोनदा ती थांबली. परत फिरावंसं वाटलं. कुणी पाहिलेलं नाही, अजून परत फिरता येईल, असं मन सांगत होतं. ती चालत राहिली.

सरकारी कोठी गावाच्या कडेला होती. धरलेली माणसं खाणीत नेण्याआधी तिथंच डांबत. दारात हवालदार बसला होता. ऊन अजून होतं.

"ठमाबाईला सोडा, सरकार. माग माझा आहे." तिनं कापड त्याच्यासमोर धरलं. "मी खोटं बोलले."

हवालदार ताडकन उठला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. भिवराला वाटलं, आता हा मारणार. पण त्याच्या डोळ्यांत तिला राग दिसला नाही. जी भीती तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होती, तीच तिथं दिसली.

"वेडी आहेस का?" तो दात आवळून म्हणाला. "मी गडावर कळवून बसलोय, गावात एकच म्हातारी विणत होती, ती पकडली, आता गाव साफ आहे म्हणून. आता तुला पकडलं तर मला विचारतील, आधी काय झोपला होतास? घरी जा. तू इथं आलीच नव्हतीस."

"तिला घेतल्याशिवाय जात नाही."

"तर दोघी जाल खाणीत!"

भिवरा कोठीच्या दारासमोर मातीत बसली. करवंटी नव्हती, म्हणून तळहाताच्या खळग्यात टकळी टेकवली आणि सूत काढू लागली. भर दिवसा, सगळ्या गावासमोर. सूत सारखं तुटत होतं. ती जोडत होती. पुन्हा तुटत होतं. पुन्हा जोडत होती.

लोक लांबून बघू लागले. कुणी पुढे येईना. काहींनी दारं लावून घेतली.

मग काठीचा आवाज आला. येसूबाबा येत होता. तो भिवराशेजारी बसला आणि हवालदाराला म्हणाला, "हिला मी शिकवलं." त्यानं आवाज खाली आणला नाही.

थोड्या वेळानं कुंभारीण आली. कमरेच्या ओटीतून एक टकळी काढून तिनं मातीत ठेवली आणि मागे उभी राहिली. तिच्याकडे टकळी आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्यालासुद्धा.

आणखी कुणी आलं नाही. पण हवालदारानं दारांकडे पाहिलं. बंद दारांकडे, फटींकडे. एक म्हातारी होती, आता चौघं झाले. त्या दारांमागे आणखी किती असतील? आणि ते सगळे गडावरच्या कारभाऱ्याला कळले तर खाणीत पहिला कोण जाईल?

त्यानं भिवराच्या मांडीवरचं कापड हिसकावलं आणि शिपायांच्या शेकोटीत फेकलं. भिवरा ओरडली, पण कापड केव्हाच पेटलं होतं. भिवराची आणि कुंभारणीची टकळी त्यानं टाचेखाली मोडली. येसूबाबाची काठीही मोडली. मग आत जाऊन ठमाबाईला बाहेर ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "ही उखळात कांडत होती! कांडायला बंदी नाही! इथं माग नव्हता, सूत नव्हतं, काही नव्हतं! चला, निघा!"

ठमाबाईचा उजवा हात सुजून काळानिळा पडला होता. भिवरानं तिला आधार दिला. दोघी चालू लागल्या. वाटेत भिवरा म्हणाली, "मावशी, मला क्षमा करा."

"करीन तेव्हा करीन," ठमाबाई म्हणाली. "आधी पाणी दे. घसा सुकलाय."

मूल थंडीच्या ऐन भरात झालं. मुलगी झाली. ठमाबाईनं एका हातानं बाळंतपण केलं. दुपटं नव्हतं. शेकोटीत गेलं त्यातलं बोटभरही उरलं नव्हतं. तेव्हा दोघींनी आलटून पालटून बाळाला उघड्या पोटाशी धरलं आणि वरून आपलं लुगडं ओढून घेतलं. एक निजली की दुसरी जागी. थंडी ओसरेपर्यंत त्यांनी ते मूल जमिनीवर ठेवलं नाही. कुंभारीण भट्टीतल्या गरम विटा आणून देई. मूल जगलं.

भिवराचा नवरा पुढच्या पावसाळ्यात परत आला. राजा काही वर्षांनी लढाईत मेला आणि त्याच्याबरोबर त्याचा हुकूमही. पुन्हा कापूस घरोघरी आला, माग उभे राहिले. भिवरा चांगली विणकरीण झाली. तिच्याकडे शिकायला लांबून बायका येत, आणि ती त्यांना ही गोष्ट सांगे. स्वतःच्या नावानिशी, काही न लपवता. येसूबाबाचा मुलगा मात्र आला नाही.

ठमाबाईच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. तिला स्वतःचे केस विंचरता येईनात. म्हणून रोज सकाळी भिवरा तिच्या मागे बसायची, तिचे पांढरे केस सोडवायची, तेल लावायची आणि अंबाडा बांधायची. ठमाबाई रोज कुरकुर करायची, "ओढतेस किती गं!" आणि भिवरा म्हणायची, "बरं मावशी, हळू करते." ठमाबाई जिवंत असेपर्यंत हे चाललं. तिनं क्षमा केली की नाही, ते ती कधी बोलली नाही. पण सकाळ झाली की फणी घेऊन ती आपणहून उंबऱ्यावर येऊन बसायची.

ज्यानं त्यानं मनाशी धरावं ते इतकंच : भीती ज्याच्याकडे बोट दाखवायला सांगते, त्याच्या दारात आधी जाऊन पाहावं.